समुद्राचा खाडा

आये, लहानपणी मी तुला नीट बसलेली कधी पाहिलीच नाही. पाहिली ती उकिडवी. चुलीपुढे उकिडवी, खाडीच्या चिखलात उकिडवी, जेवतानासुद्धा उकिडवी, कारण एका जेवणात चारदा उठायचं असेल तर दर वेळी मांडी कोण मोडणार! बाबा दुसऱ्याच्या होडीवर खलाशी. पावसाळ्यात होड्या वर ओढल्या की त्यांची मजुरी बंद आणि आपली पेज पातळ. तू मात्र बारा महिने चालू. जयगडच्या खाडीला ओहोटी लागली की टोपली घेऊन उतरायचीस, पायांनी चिखल चाचपून शिंपल्यांतल्या तिसऱ्या काढायचीस, वरच्या वाडीत विकून यायचीस. बारीकसारीक उरतील त्या आमच्या कालवणात. तिथून लोकांच्या शेतावर, तिथून लाकडाला. छप्पर गळायचं त्या जागी पातेलं ठेवायचीस आणि पातेलं भरलं की त्याच पाण्यात भांडी विसळायचीस. घराच्या गळतीलासुद्धा तू कामाला लावलं होतंस.

दादा आणि मी अभ्यासाला बसलो तर तेवढं बसणं तुला चालायचं. "शिक गो बाय," म्हणायचीस, "शिकलीस का बसून खाशील." मी शिकले. आपल्या घराण्यातली पहिली पदवीधर मी, बी.एस्सी., रत्नागिरीच्या कॉलेजातून. हे मी जिथे तिथे सांगते, लोक कंटाळले तरी सांगते, आणि आज तुझ्यावर लिहितानाही सांगणारच, कारण त्या पदवीत निम्मी तू आहेस. दादाचं शिक्षण दहावीला थांबलं, माझं पुढे गेलं. फक्त एक गडबड झाली. लग्नानंतर अविनाशबरोबर मी ऑस्ट्रेलियाला गेले, ॲडलेडमध्ये आमचं बस्तान बसलं, मला लॅबमध्ये नोकरी लागली. पांढऱ्या कोटातला फोटो मी मोठ्या हौसेने पाठवला. तू तो दादाच्या फोनवर पाहिलास आणि मला लगेच फोन लावायला लावलास.

"उभी काय हायस गो?"

"आये, लॅबमध्ये उभं राहूनच काम असतं."

"दिवसभर?"

"हो."

"मग शिकून काय केलंस?"

ह्या वादात तू जिंकलीस असं मी कधी कबूल केलं नाही. आताही करत नाही.

परवा तुझं बारावं झालं. तू गेलीस तीसुद्धा कामावर असतानाच. अंगणात आमसुलं वाळत घातलीस, वहिनीला म्हणालीस, "ऊन कलला का आत घे," आणि पडवीत भिंतीला टेकलीस. वहिनी म्हणते, तिला वाटलं तुझा डोळा लागला. मी तिला म्हटलं, अगं तिथेच तुला शंका यायला हवी होती, आये कधी दुपारची झोपली आहे का! मी विमानं बदलत पोचेपर्यंत दादाने सगळं आटोपलं होतं. तुझं तोंड मला दिसलं नाही. आमसुलं मात्र वेळेवर आत आलेली होती, नीट टोपात भरून वर फडका बांधलेला. वहिनी तुला अजून घाबरते.

आता रोज बायका येऊन बसतात आणि सगळ्यांचं एकच म्हणणं. "सुटली गो बिचारी. जन्मभर राबली, एक दिवस बसली नाय. आता विसावली." पहिल्या दिवशी मी ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी म्हटलं, "ती आधीच विसावली होती. चांगली जिवंतपणी. मी बघितलंय." बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. शेजारची काकी वहिनीच्या कानाला लागली, "पोरीला झोपव जरा, प्रवासाची दगदग झालीय." मला दगदगबिगदग काही झालेली नाही. पण ह्या लोकांनी तुला मेल्याशिवाय न विसावलेली बाई म्हणून कायमची लक्षात ठेवावी, हे मला चालणार नाही. त्यामुळे सगळं सांगणं भाग आहे, आणि सांगायचं तर तुझ्या तोंडावर सांगितलेलं बरं. नाहीतर म्हणतील, म्हातारी गेल्यावर लेकीने रचलं.

बाबा गेले आणि त्यानंतर तू आमच्याकडे राहायला आलीस. माझा बेत एकच होता, तुला बसवायची. त्यासाठी नवा सोफा घेतला, मऊ, पाय लांब करता येणारा. तू आलीस, सोफ्याला हात लावून पाहिलास, त्यावर चढलीस आणि वर उकिडवी बसलीस. कठड्यावर घार बसते तशी.

"आये, टेक ना मागे."

"टेकते की. काय घाई हाय?"

घाई काहीच नव्हती, हीच तर तुझी अडचण होती. भांडी मशीन धूत होतं, कपडे मशीन धूत होतं. केर काढायला एक गोल चकती होती, ती आपली आपण घरभर फिरायची. तू झाडू घेऊन तिच्या मागून फिरायचीस. "हिला कोपरे दिसत नाय," असा तुझा आक्षेप. काही दिवसांनी चकती तुला पाहून पलंगाखाली जाते असं अविनाश म्हणायला लागला.

तिथे शनिवार-रविवार म्हणजे घराघरांतून गवत कापायच्या यंत्रांचा घरघराट. आमच्या मागच्या हिरवळीचा मला फार अभिमान. गळक्या घरातून आलेल्या पोरीची स्वतःची हिरवळ, अभिमान असणारच. तू पहिल्याच शनिवारी मागच्या दाराच्या पायरीवर येऊन उभी राहिलीस.

"जावयबापू, गुरा किती हायत?"

"गुरं? गुरं नाहीत आई."

"मग ह्या गवत कोनासाठी?"

"कोणासाठी नाही. शोभा म्हणून."

"शोभा, तर मग कापता कशाला? वाढू दे की शोभा."

अविनाश इंजिनिअर आहे. तो यंत्र बंद करून तसाच उभा राहिला. पुढे तू कुंपणाकडची पट्टी त्याला कापूच दिली नाहीस. ती गुडघ्याएवढी वाढवलीस आणि एका सकाळी माझी पाव कापायची दातेरी सुरी घेऊन सगळी कापून काढलीस, गवताचीच दोरी वळून पेंढ्या बांधल्यास आणि कुंपणाला ओळीने उभ्या केल्यास. नंतर ते बघून तुझा चेहरा पडला. खाणारं कोणीच नव्हतं. तेवढ्यात कुंपणावरून शेजारची मार्गारेट डोकावली. तुझ्याच वयाची, एकटी राहणारी, तिच्या मागच्या दारी कोंबड्या. तिने कोंबड्यांच्या खुराड्यात घालायला पेंढ्या मागितल्या. तिला मराठी येत नव्हतं, तुला इंग्रजी येत नव्हतं, आणि तुमचं दोघींचं इतकं जमलं की मधे भाषांतराला गेलं तर मलाच बाजूला सारायच्यात.

एक गोष्ट मात्र तुला तिच्यात पटली नाही. मार्गारेटला तुकडे जुळवून चित्र पूर्ण करायच्या खेळाचा नाद. जेवणाच्या टेबलावर पसरून बसायची. तुला वाटलं कोणीतरी चित्र फाडलंय आणि ही बिचारी दुरुस्त करतेय, म्हणून तूही मदतीला बसलीस. म्हणजे उभी राहिलीस. कितीतरी दिवस लागून चित्र झालं, डोंगर, तळं, बदकं. आणि तुझ्या डोळ्यांदेखत मार्गारेटने ते मोडलं आणि खोक्यात भरलं. तू तरातरा घरी आलीस.

"तिच्या डोक्यात काय बिघडलाय काय गो?"

"आये, तो खेळ आहे. वेळ जायला."

"वेळ जायला? तो कुठं थांबलाय?"

संध्याकाळी ती तुला फिरायला न्यायची. नुसतं हात हलवत चालायचं आणि परत यायचं हे तुला जमेना. जाताना रिकामी, येताना निलगिरीच्या काटक्यांची मोळी तुझ्या डोक्यावर. मार्गारेट बाजूने आपल्या कुत्र्याला घेऊन ऐटीत चालायची, जणू मोळीचा मान तिचाच. आमच्याकडे चूल नाही, शेगडी नाही, तरी मागच्या शेडला टेकून लाकडाचा ढीग छपरापर्यंत गेला. पावसाळ्याची बेगमी! तिथेही पाऊस जूनमध्येच सुरू होतो हे कळल्यावर तर तुला जोरच चढला. दुकान पाच मिनिटांवर आहे, रोज उघडं असतं, हे मी सांगायची आणि तू म्हणायचीस, "पाऊस लागला का बघ मग."

बेगमीत सुके बांगडे आलेच. त्या दिवशी मी कामावरून घरी आले आणि गल्लीच्या तोंडाशीच मला जयगड आठवलं. तिथे प्रत्येक घरामागे कपडे वाळत घालायची एक मोठी तारांची छत्री असते, वाऱ्याने गोल फिरणारी. तू बांगडे चिरून, मीठ लावून, शेपटीला चिमटे मारून त्या छत्रीवर टांगले होतेस. वारा सुटला होता. बांगड्यांचा पाळणा गरागरा फिरत होता, खाली आजूबाजूची मांजरं मान फिरवत होती आणि मधोमध, जागा उरली म्हणून, अविनाशचा ऑफिसचा शर्ट.

"आये! हे काय!"

"आपोआप फिरतं, चारी बाजूंनी ऊन लागतं. किती बेस हाय! आमी आपले वाकून परतत बसायचो."

तो शर्ट मी तीनदा धुतला. अविनाश तो घालून मीटिंगला गेला आणि त्या दिवशी मीटिंग लवकर संपली म्हणे. बांगडे भाजून खाताना मात्र तो शर्टाविषयी एक शब्द बोलला नाही. तिखटमीठ लावलेला एक तुकडा मार्गारेटलाही तू कुंपणावरून दिलास. तिने दोन दिवस पाणी प्यायलं आणि तिसऱ्या दिवशी आणखी मागितला.

मी चिडायची, आये. बांगड्यांसाठी नाही. तुला आराम द्यायचा तर तू प्रत्येक आरामाचं काम करून ठेवायचीस. मी म्हणायची, "आता तुला कोणी काही बोलणार आहे का? कोणाची भीती आहे?" तू म्हणायचीस, "बसलं का अंग धरतं." तेवढंच उत्तर. समुद्रावर नेलं तर उन्हात पडलेली माणसं बघून म्हणालीस, "सुकत घातल्यासारखी पडलीत गो ही. परतायला कोन हाय का नाय?" आणि मी चटई पसरेपर्यंत तू किनाऱ्यावरच्या बाटल्या आणि कागद गोळा करायला लागलीस. एका बाईने तुला नगरपालिकेची समजून आभार मानले.

मग ते लॅबमधल्या मैत्रिणीचं निघालं. ती म्हणाली, शहराबाहेर एका किनाऱ्यावर शिंपले मिळतात, अगदी आपल्या तिसऱ्यांसारखे. ठरलेल्या मापाचे, ठरलेल्या संख्येत काढायला परवानगी आहे. ओहोटीला लोक पोराबाळांना घेऊन जातात, अनवाणी पायांनी वाळू घुसळतात, पायाला शिंपला लागला की ओरडतात. मी घरी येऊन तुला सांगितलं, फार मजा येते म्हणे.

"काय येते?"

"मजा."

"तिसऱ्या काढायला?"

"हो."

तू हसायला लागलीस. "मजा," म्हणायचीस आणि पुन्हा हसायचीस. अविनाश आतून बघायला आला, तोही हसायला लागला. हसता हसता तू पदराने डोळे पुसलेस, आणि ते पुसणं हसण्यापेक्षा जास्त वेळ चाललं. पदर खाली घेतलास तेव्हा तू विचारलंस ते एवढंच, "बादली कुठं हाय?"

शनिवारी निघताना तुझी कुरकुर चालू होती. "आज नवमी. भांगाची भरती-ओहोटी, कमी जोराची असनार. पाणी काय फारसं उतरायचा नाय. पुनवेला जाऊया."

"पौर्णिमा शुक्रवारी आहे आये. मला रजा नाही."

"तुज्या रजेवर समुद्र चालतो व्हय!"

सकाळीच पोचलो. पाणी अगदी शांत, ताटात ओतल्यासारखं. तू साडी गुडघ्यापर्यंत खोचलीस, बादली घेतलीस, पाण्याच्या कडेला एक काठी रोवलीस आणि तिच्याकडे बघत उकिडवी बसलीस. जयगडला तू असंच करायचीस. पाणी काठीपासून मागे सरलं की ओहोटी लागली.

पाणी सरेना. "लागंल आता," तू म्हणालीस. मी चहा प्यायले. अविनाशने एक डुलकी काढली. काठी तिथेच, पाणी तिथेच. तू उठून काठी हलवून बघितलीस, जणू काठीचाच दोष. मग दुसरी रोवलीस. ऊन चढलं तरी दोन्ही काठ्यांच्या बुडाशी पाणी तसंच लपलपत होतं.

"तुज्या देशातला समुद्र मेलाय काय गो?"

बाजूला एक टोपीवाले आजोबा गळ टाकून खुर्चीत बसले होते. मी त्यांना विचारलं. ते हसले आणि म्हणाले, ह्या आखातात असं होतं, महिन्याकाठी एखादा दिवस असा येतो की पाणी येतही नाही आणि जातही नाही. उद्या-परवा पुन्हा सुरू होईल. मी तुला सांगितलं. तुझा विश्वास बसेना. मग मी माझी बी.एस्सी. बाहेर काढली. म्हटलं, "चंद्र पाण्याला एकीकडे ओढतो, सूर्य दुसरीकडे. एरवी चंद्राचा जोर जास्त. पण इथे दोघांचा जोर कधीकधी सारखा होतो, मग पाणी जागच्या जागी."

तू समुद्राकडे पाहिलंस. जन्मभर ह्याच्या वेळा सांभाळून तू उठली होतीस. आम्ही तापाने फणफणत असू, घरी पाहुणे असोत, तो उतरला की तू उतरायचीस.

"म्हंजी आज त्याचा खाडा," तू म्हणालीस.

कामावर न जाण्याच्या दिवसाला तुम्ही खाडा म्हणायच्यात. तू हा शब्द नेहमी दुसऱ्यांबद्दल वापरलास. अमकीने खाडा केला, तमकीचा खाडा झाला. स्वतःबद्दल तो तुझ्या तोंडून मी ऐकलेला नाही.

"हो आये. खाडाच."

"असा नेहमी करतो?"

"अधूनमधून."

"आनि त्याला कोन काय बोलत नाय?"

"कोण बोलणार, आये?"

तू मान हलवलीस. पटलेल्या माणसासारखी नाही, हेवा वाटलेल्या माणसासारखी. मग बादली पालथी घातलीस. मला वाटलं, आता घरी चला म्हणशील. तू एक पाय खाली टेकलास. थोड्या वेळाने दुसरा. आणि मग, आये, तू दोन्ही पाय पुढे लांब केलेस, हात मागे वाळूत रोवलेस आणि अंग सोडून दिलंस. तुझे तळवे मी प्रथमच इतके नीट पाहिले. भेगा पडलेले, समुद्राकडे तोंड करून, आरामात.

अविनाश विचारणार होता, आई, मग निघायचं का? मी त्याच्याकडे असं बघितलं की त्याने तोंडातला शब्द चहाबरोबर गिळला. तुला चहा दिला तो तू बसल्या जागी घेतलास. कप रिकामा झाला तो विसळायला उठली नाहीस, वाळूत ठेवलास. किनाऱ्यावर एक रिकामी बाटली लोळत आमच्यापर्यंत आली. तू ती पाहिलीस आणि मान दुसरीकडे वळवलीस.

मधे एकदा मला म्हणालीस, "तू पन बस की गो. उभी काय हायस?" मी बसले. आपण बोललो काय ते विचारशील तर काहीच नाही. एकदा तू म्हणालीस, "वारा बरा हाय." मी म्हटलं, "हो." ऊन फिरलं तशी तुझी सावली फिरली, तू हलली नाहीस. गळवाले आजोबा आवरून जाताना त्यांनी तुला टोपी काढून नमस्कार केला, आणि तू नुसता हात वर केलास, घरच्या मालकिणीसारखा.

पुढे तू गावी परत आलीस आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा झाडू, पुन्हा लाकडं, पुन्हा आमसुलं, ते मला माहीत आहे. दादाला तू त्या दिवसाविषयी काही सांगितलं नसणार, तेही माहीत आहे. सांगायची लाज वाटली असेल, किंवा ते आपलं आपल्यापाशी ठेवावंसं वाटलं असेल. मी विचारणार होते, राहून गेलं. पण काकी उद्या पुन्हा येईल, पुन्हा तेच म्हणेल, आणि मी तिला समोर बसवून सांगणार आहे. मी पदवीधर बाई आहे, डोळ्यांनी पाहिलेलं सांगते. त्या नवमीला सकाळी आपण पोचलो तेव्हापासून सूर्य पाण्यात जाईपर्यंत माझ्या आयेने काहीही केलं नाही.